भाड्याच्या गाळ्यात फरशीवर पैसा घालायचा का? आधी काय तपासायचं, काय मोजायचं

कुपवाड, मिरज किंवा सातारा एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला की पहिल्या आठवड्यातच नजर खाली जाते. कोबा उकललेला, ट्रॉली अडकतील असे खड्डे, सकाळी झाडलं तरी दुपारी मशीनवर पुन्हा भुकटी. मालकांना सांगितलं की उत्तर ठरलेलं: "घाला की नवीन फरशी, तुमचंच हाय समजा."

समजायला हरकत नाही, पण हिशेब वेगळा आहे. लेथ उचलून नेता येतो, कोबा नेता येत नाही. फरशी किती वर्षं टिकेल हा मालकाचा प्रश्न. भाडेकरूने विचारायचा प्रश्न एकच: या जागेत आपण किती महिने नक्की आहोत? ट्रिमिक्स (जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून केलेली काँक्रीटची फरशी) वीस वर्षं टिकणारं असलं आणि करार तीन वर्षांचा असला, तर तुमच्या वहीत ती फरशी तीनच वर्षांची. पुढचं सगळं या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

पायरी १: कोब्याआधी कागद

करार काढा आणि तीन गोष्टी शोधा.

पहिली, मुदत आणि लॉक-इन. बहुतेक करारांत लॉक-इन फक्त भाडेकरूवर असतं. तुम्ही अमुक महिने सोडायचं नाही, पण मालक मात्र एक-दोन महिन्यांच्या नोटिशीवर जागा मागू शकतात. अशा करारात तुमची 'नक्की' मुदत म्हणजे नोटिशीची मुदत. कराराच्या पहिल्या पानावर ३६ महिने लिहिलंय म्हणून ३६ धरू नका.

दुसरी, नोंदणी. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हे सांगली-साताऱ्यात आजही सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या नोटरीच्या कागदावर लाख-दोन लाखांचा कोबा घालू नका.

तिसरी, मालकाला जागा भाड्याने देण्याचा अधिकार आहे का. एमआयडीसीचे भूखंड दीर्घ मुदतीच्या लीजवर दिलेले असतात आणि त्यावरची शेड दुसऱ्याला भाड्याने देण्यासाठी एमआयडीसीची परवानगी लागते. तिचं पत्र मागून बघा. पत्र नसेल तर फरशीचा विषय तिथेच मिटतो, कारण अडचण आली तर जागा सोडावी लागेल ती तुम्हालाच.

शहरातला किंवा नदीकाठचा गाळा असेल तर आणखी एक चौकशी हवी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि २०२१ मध्येही ते धोका पातळीच्या बरंच वर होतं. "२०१९ ला इथं पाणी कुठवर आलं होतं?" हे मालकाबरोबरच शेजारच्या गाळेवाल्यालाही विचारा. भिंतीवरचा नवा रंग कंबरेपर्यंतच असेल तर उत्तर मिळालंच. पूररेषेतल्या गाळ्यात साधा कोबा धुऊन परत वापरता येतो. इपॉक्सीच्या (कोब्यावर चढवायचा रसायनाचा कठीण लेप) खाली ओल साठून ती फुगते, जोडटाइल्सच्या (एकमेकांत अडकणाऱ्या सुट्या टाइल्स) खाली गाळ बसतो आणि सगळ्या उचलून धुवाव्या लागतात.

पायरी २: असलेली फरशी वाचायची

फरशी वाईट आहे एवढं पुरत नाही, ती का वाईट आहे ते कळलं पाहिजे. खराबी वरच्या अर्ध्या इंचात असेल तर काम स्वस्त. खालच्या भरावात असेल तर काम मोठं, आणि ते मालकाचं. हे ओळखायला दोन तास आणि थोडं सामान लागतं: अर्धा किलोची हातोडी, खडू, दहा फुटी सरळ ॲल्युमिनियमचा पाइप, पाणसळ बघायची पारदर्शक नळी, मोठा खिळा, प्लास्टिकचा कागद आणि चिकटपट्टी.

आधी ठोकून बघा. दर दोन फुटांवर हातोडीचा हलका ठोका द्या. भरीव जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. बद्द जागेभोवती खडूने रेघ मारा. शहाबादी फरशीत असे ठिपके जास्त निघतात, कारण ती चुना-वाळूच्या किंवा मुरमाच्या थरावर बसवलेली असते आणि तो थर कडेकडेने निसटतो. अशा फरशीवर मशीनचा पाय आला की ती फुटणारच. शेवटी खडूची वर्तुळं मोजा. एकूण जागेच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर दुरुस्ती, निम्म्यावर असतील तर पूर्ण काम. मधल्या प्रकरणात तुमच्या मशीनच्या जागा आणि ती वर्तुळं एकमेकांवर येतात का, एवढंच बघायचं.

मग खिळ्याने जोर लावून ओरखडा काढा. पांढरी बारीक रेघ उमटली तर पृष्ठभाग बरा आहे. खोल चर पडून भुकटी निघाली तर वरचा थर कच्चा आहे. कोबा घोटताना गवंड्याने ओल्या पृष्ठभागावर कोरडं सिमेंट भुरभुरलं असेल किंवा नंतर पाणी कमी मारलं असेल तर हे होतं. दिसायला तो गुळगुळीत असतो, म्हणून गाळा बघताना कुणाच्या लक्षात येत नाही.

तडे वाचणं हे यातलं सर्वांत महत्त्वाचं काम. जाळीसारखे केसाएवढे तडे वरवरचे असतात, सोडून द्या. दहा-पंधरा फुटांवर जवळजवळ सरळ गेलेला तडा सिमेंट आकसल्याचा असतो. त्यानेही घाबरायचं कारण नाही, भरून घेतला की झालं. पण तड्याची एक कड वर आणि दुसरी खाली असेल, बोट फिरवल्यावर पायरी लागत असेल, तर खालची जमीन हलते आहे. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. ती न काढता किंवा वर पुरेसा मुरूम न भरता शेड उभी केली असेल तर कितीही चांगला कोबा घाला, दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच तडा उमटतो. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहा आणि रुंदीही नोंदवा. तीन-चार महिन्यांत तडा खुणेच्या पुढे गेला तर भाडेकरूने त्या जमिनीत एक रुपयाही घालू नये. काळी माती दोन-तीन फूट काढून मुरूम भरणं, दुरमुसणं, दगडी सोलिंग करणं हे इमारतीचं काम आहे आणि खर्चही इमारतीच्या मालकाचा.

पाणसळ नळीने चारही कोपरे आणि मध्य मोजून घ्या. शटरकडे थोडा उतार असणं चांगलं. मध्यभागी खोलगट भाग असेल तर भराव बसला आहे. दहा फुटी पाइप आडवा ठेवून खालून किती फट दिसते तेही बघा. ५ मि.मी.पर्यंत फट बहुतेक कामांना चालते.

ओल बघायला दीड बाय दीड फुटाचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का चिकटवा आणि रात्रभर, निदान सोळा तास ठेवा. उचलल्यावर कागदाच्या आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळवंडलेला दिसला तर ओल जमिनीतून वर येते आहे. ही चाचणी मे महिन्यात पास होते आणि ऑगस्टमध्ये नापास. इपॉक्सीचा विचार असेल तर पावसाळ्यातलाच निकाल धरायचा.

आधीचा भाडेकरू गॅरेजवाला असेल तर तेल मुरलेलं असणार. कोब्यावर पाण्याचे थेंब टाका. पाणी शोषलं गेलं तर ठीक. मोत्यासारखं गोल राहिलं तर त्या जागी नवा थर, रंग, इपॉक्सी काहीच धरणार नाही. ती जागा छिलून काढावी लागेल.

जाडी अंदाजाने धरू नका. मालकाला विचारून कोपऱ्यात १२ मि.मी.च्या बिटने भोक पाडा. बिट एकदम सैल जाऊन मुरूम वर येऊ लागला की थांबा आणि वाकवलेल्या तारेने जाडी मोजा. 'चार इंच आहे' म्हणून सांगितलेला कोबा पुष्कळदा अडीच इंच निघतो.

पायरी ३: तुमच्या धंद्याला नेमकं काय लागतं

सगळ्या गाळ्याला एकसारखी फरशी क्वचितच लागते. कागदावर गाळ्याचा नकाशा काढा, मशीन मांडा, ट्रॉलीची वाट आखा. ३० बाय ५० फुटांच्या, म्हणजे १५०० चौरस फुटांच्या शेडमध्ये मशीनखालची जागा आणि चार फुटी वाट मिळून पाचशे-सहाशे चौरस फुटांपुढे सहसा जात नाही. उरलेल्या जागेत रॅक, भंगार आणि कच्चा माल. तिथे कोबा उखडला तर उखडला.

लेथ, मिलिंग यांना गुळगुळीतपणापेक्षा न बसणारी जमीन हवी. दीड-दोन टनांचा लेथ सहा कंपनरोधक पॅडवर ठेवला तर प्रत्येक पॅडवर तीनशे किलोच्या आसपास भार येतो. चार इंची भरीव कोब्याला तो जड नाही. कोबा थोडा कच्चा असला तरी प्रत्येक पॅडखाली १२ मि.मी. जाडीची ८ बाय ८ इंचांची लोखंडी पट्टी टाकली की भार पसरतो. हा उपाय स्वस्त आहे आणि जाताना पट्ट्या बरोबर येतात. मशीन फाउंडेशन बोल्टचंच असेल तर पूर्ण फरशी न करता तेवढाच ठोकळा ओता आणि भोवती थर्माकोलची १२ मि.मी. फट ठेवा, म्हणजे कंप बाकीच्या कोब्यात जात नाही.

फॅब्रिकेशनवाल्यांनी इपॉक्सी, रबर, पीव्हीसी यांचा विचारच करू नये. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि गरम कटिंगचे तुकडे त्यांना भोकं पाडतात. काँक्रीट किंवा लोखंडी पत्रा, दोनच गोष्टी चालतात.

गॅरेजमध्ये दोन खांबी लिफ्ट बसवायची असेल तर लिफ्ट कंपनीच्या नकाशात लिहिलेली काँक्रीटची जाडी आणि ग्रेड डोळ्यांसमोर ठेवा. शहाबादीत किंवा अडीच इंची कोब्यात अँकर बोल्ट ठोकणं म्हणजे माणसाच्या डोक्यावर गाडी टांगणं. खांबांखालचे दोन ठोकळे नव्याने ओतावेच लागतात. इथे काटकसर नको.

रंगकाम, इलेक्ट्रॉनिक जोडणी, अचूक ग्राइंडिंग यांचा शत्रू धुरळा. हळद किंवा बेदाणा पॅकिंगचा धंदा असेल तर अन्नसुरक्षेच्या नियमांत फरशी पाणी न शोषणारी आणि धुता येणारी हवी. म्हणजे ती ऐच्छिक राहत नाही, जागा निवडतानाच बघायची गोष्ट होते.

पायरी ४: पर्याय, स्वस्तापासून महागाकडे

नुसती दुरुस्ती. तडा ग्राइंडरने इंग्रजी व्ही आकारात १० ते १२ मि.मी. रुंद करायचा, ब्लोअरने धूळ काढायची आणि इपॉक्सी किंवा पॉलिमर मॉर्टरने भरायचा. खड्ड्याच्या कडा मात्र उतरत्या ठेवू नका. कटरने चौकोनी, उभ्या, निदान एक इंच खोल कापा, आतलं सैल सगळं काढा, आदल्या दिवशी पाण्याने भिजवा, साचलेलं पाणी पुसा, लॅटेक्स मिसळलेली सिमेंटची स्लरी ब्रशने चोळा आणि ती ओली असतानाच भरा. गवंडी स्लरी लावून चहाला गेला आणि ती वाळली, की तोच थर सांधण्याऐवजी सोडवण्याचं काम करतो.

धूळ कमी करणारं सिलिकेट. हे पातळ द्रावण कोब्यात मुरून सिमेंटशी रासायनिक क्रिया करतं आणि पृष्ठभाग कठीण करतं. कोबा भरीव असून फक्त भुकटी सुटत असेल तर खर्चाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा यातच आहे. आधी घासून स्वच्छ धुणं आणि वाळवणं आवश्यक. शहाबादीवर, तेलकट जागी किंवा ऑइलपेंट मारलेल्या कोब्यावर ते चालत नाही, कारण आत मुरतच नाही.

उचलून नेता येणारी फरशी. भाडेकरूसाठी हा गट खास आहे आणि आपल्याकडे त्याचा विचार फार कमी होतो. एकमेकांत अडकणाऱ्या पीव्हीसी टाइल्स, उभं राहायच्या जागी जाड रबर मॅट, ट्रॉलीच्या वाटेवर चेकर्ड पत्रा, आणि जड वाहतुकीच्या भागात पेव्हर ब्लॉक. ६ मि.मी. जाडीचा ८ बाय ४ फुटी साधा पत्रा साधारण १४० किलोचा भरतो, चेकर्ड थोडा जास्त. चार माणसांनी उचलता येतो आणि जाताना निदान भंगाराच्या भावाने तरी पैसे देतो. पत्र्याखाली कोबा सपाट नसेल तर तो दणदण वाजतो आणि कोपरा वर येऊन ठेच लागते. कोपऱ्यांना भोकं पाडून बुडत्या डोक्याचे बोल्ट घ्या. पेव्हर ब्लॉक बारीक कचीच्या थरावर बसवतात, बाजूला पक्की कड लागते. ते उखडून दुसरीकडे लावता येतात, पण सांध्यांवर छोट्या चाकांच्या ट्रॉली खडखडतात आणि सांध्यांत चिप्स अडकतात. मशीन त्यावर ठेवू नये, लेव्हल राहत नाही.

जुन्या कोब्यावर नवा थर. सगळ्यांत जास्त पैसा वाया जातो तो इथे. इंचभर सिमेंट-वाळू ओतून घोटून दिली की महिनाभर गाळा नव्यासारखा दिसतो, मग पापुद्रे सुटतात. जुन्याला चिकटणारा थर हवा असेल तर पृष्ठभाग टाचून, धुऊन, स्लरी लावून दीड ते दोन इंच काँक्रीट घालावं लागतं आणि खालचा कोबा स्वतः भरीव असावा लागतो. खालच्याचा भरवसा नसेल तर मध्ये प्लास्टिक टाकून सरळ चार इंच वेगळा स्लॅब ओता. पण मग शटर चार इंच कापावं लागेल का, आणि शौचालयाचा, ऑफिसचा उंबरा खाली जाईल का, हे आधी मोजा.

पूर्ण ट्रिमिक्स आणि इपॉक्सी. ट्रिमिक्समध्ये ओतलेल्या काँक्रीटमधलं जादा पाणी व्हॅक्यूमने ओढून घेतात, त्यामुळे पृष्ठभाग कठीण होतो आणि तडे कमी पडतात. पायी वावर आणि हातट्रॉलीला चार इंच एम-२० (काँक्रीटच्या ताकदीचा ग्रेड) पुरतं. फोर्कलिफ्ट असेल तर सहा इंच, एम-२५ आणि जाळी. इपॉक्सी हा या सगळ्यावरचा शेवटचा थर आहे, वाईट कोब्यावरचा उपाय नव्हे. नवा कोबा २८ दिवसांचा व्हायच्या आत आणि घासल्याशिवाय इपॉक्सी लावली की ती सोलपटासारखी निघते.

पायरी ५: हिशेब

दर गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त पद्धत कळण्यासाठी मानलेले आहेत. तुमचे कोटेशन त्या जागी घाला.

समजा १५०० चौरस फुटांना नवी फरशी सगळं धरून १,८०,००० रुपये. मशीन हलवायला हायड्रा (क्रेन) आणि पुन्हा लेव्हलिंग १५,०००. काम वीस दिवस बंद, दिवसाचा निव्वळ तोटा ३,००० धरला तर ६०,०००. हा शेवटचा आकडा ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये कधीच नसतो. एकूण २,५५,०००.

आता याला नक्की असलेल्या महिन्यांनी भागा. ३६ महिने असतील तर महिना साधारण ७,०८३. भाडं १८,००० असेल तर तुमचं खरं भाडं झालं २५,०८३. अकरा महिनेच नक्की असतील तर हाच भार महिन्याला २३,१८२ होतो, म्हणजे भाड्याहून जास्त फरशीच.

दुसऱ्या बाजूला वाईट फरशी दर महिन्याला किती खाते ते लिहा. ट्रॉली ढकलायला एकाऐवजी दोन माणसं लागतात आणि त्या जादा माणसाचा रोज दीड तास जातो, मजुरी आठ तासांना ६०० रुपये, २६ दिवस: महिन्याला २,९२५. त्यात धुळीमुळे परत आलेला माल, लेथच्या स्लाइडवर झालेली झीज, पुन्हापुन्हा करावी लागणारी लेव्हलिंग यांचे आकडे घाला. बेरीज महिन्याला ७,०८३ च्या जवळपास जात नसेल तर पूर्ण फरशी परवडत नाही. मग वाट आणि मशीनखालची जागा एवढंच करून बघा. आकडा एकदम तिसऱ्या हिश्शावर येतो आणि गाळाही बंद पडत नाही.

तिसरी तुलना लोक विसरतात: चांगली फरशी असलेला दुसरा गाळा. त्याचं भाडं २३,००० आणि स्थलांतराचा खर्च ८०,००० धरला तर ३६ महिन्यांत ते २५,२२२ पडतं. म्हणजे फरशी घालून थांबणं आणि उठून जाणं जवळपास सारखंच. मालकाशी बोलताना हा आकडा खिशात असला की बोलण्यात वजन येतं.

कराच्या बाबतीत दुरुस्ती आणि भांडवली खर्च यांना वेगळी वागणूक मिळते. खड्डे भरणं दुरुस्तीत बसू शकतं, पूर्ण नवी फरशी बहुधा भांडवली धरली जाते आणि मग जीएसटीचं इनपुट क्रेडिटही अडकतं. बिल फाडण्याआधी सीएला विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

पायरी ६: मालकाशी काय ठरवायचं

बोलणी काम सुरू होण्याआधीच. कोबा वाळल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. साधारण तीन वाटा असतात: मालक साहित्य देतात आणि तुम्ही मजुरी, तुम्ही खर्च करता आणि निम्मी रक्कम भाड्यातून वळती होते, किंवा पैसे तुमचे, पण लॉक-इन दोघांवर आणि भाडेवाढ थांबलेली. वरच्या उदाहरणात मालकांनी ९०,००० सोसले तर तुमचा भार २,५५,००० वरून १,६५,००० वर येतो, म्हणजे महिना ४,५८३.

जे ठरेल ते नोंदणीकृत करारात किंवा नोंदणीकृत पुरवणी करारात यायला हवं. त्यात पुढची कलमं वकिलाकडून नीट घालून घ्या.

- फरशीला लेखी संमती, क्षेत्रफळ आणि जाडीसह.
- मालकाने मुदतीआधी जागा मागितली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परतावा. १,८०,००० भागिले ३६ म्हणजे महिना ५,०००. विसाव्या महिन्याअखेर उठवलं तर १६ महिन्यांचे ८०,०००.
- 'जागा मूळ स्थितीत परत द्यावी' या कलमातून फरशी वगळणं. नाहीतर तुम्ही घातलेला कोबा तुमच्याच खर्चाने फोडून द्यायची वेळ येते आणि डिपॉझिट अडकतं.
- टाइल्स, पत्रे, मॅट, पेव्हर यांची यादी नगांसह, आणि ते भाडेकरूचे असल्याचा उल्लेख.
- गाळा विकला गेला तर नव्या मालकावरही हे सगळं बंधनकारक.

"एवढं कशाला लिवायचं, घरचीच माणसं आपण" असं उत्तर आलं तर नम्रपणे सांगा, "काका, तुमच्यानंतर हिशेब तुमची मुलं बघणार, त्यांना कळायला पाहिजे." तरीही सही होत नसेल तर उचलून नेता येणाऱ्या पर्यायांच्या पुढे जाऊ नका.

पायरी ७: काम करायचंच ठरलं तर

तीन कोटेशन घ्या, पण तिघांना एकाच कागदावर जाडी, ग्रेड, जाळी, सांधे, क्युरिंग (किती दिवस पाणी मारायचं) लिहून द्या. नाहीतर एक तीन इंचांचा दर देतो, दुसरा चारचा, आणि तिसरा स्वस्त वाटतो कारण त्याने जुना कोबा फोडून राडारोडा हलवणं धरलेलंच नसतं.

साहित्याचा अंदाज स्वतःकडे ठेवा. १५०० चौरस फूट, चार इंच जाडी म्हणजे ५०० घनफूट, पाच ब्रास काँक्रीट. १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाने ११० ते ११५ गोणी सिमेंट, दोन ब्रासच्या थोडी वर वाळू किंवा क्रश सँड आणि सव्वाचार ब्रासच्या आसपास खडी लागते. ऐंशी गोण्यांत काम उरकलं तर जाडी तरी कमी आहे किंवा सिमेंट तरी. रेडीमिक्स घेत असाल तर हेच १४ घनमीटरच्या थोडं वर होतं. ट्रान्झिट मिक्सर शटरमधून आत जाणार नाही, त्यामुळे हातगाड्या आणि माणसं जास्त लावा. गाडी दारात खोळंबली की मजूर त्यात पाणी ओततात आणि दिलेल्या पैशांचा ग्रेड तिथेच उतरतो. साइटवर मिक्सर लावला तर गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नको, बादली मोजून ठेवा.

जाळी घ्यायची असेल तर ८ मि.मी. सळी आठ इंचांवर दोन्ही बाजूंनी. एवढ्या क्षेत्राला लॅपसकट (सळ्या एकमेकींवर चढवायची लांबी) साधारण ६०० किलो लागते. ती कव्हर ब्लॉकवर (सळी उचलून धरणारे छोटे ठोकळे), वरच्या तिसऱ्या भागात राहिली पाहिजे. काँक्रीट ओतताना मजूर जाळीवरून चालतात आणि ती तळाला जाऊन बसते. तिथे तिचा उपयोग शून्य, पैसे मात्र पूर्ण.

ओतण्याच्या दिवशी शटर आणि खिडक्यांतून येणारा गरम वारा अडवा. मार्च-एप्रिलच्या दुपारी सांगलीच्या हवेत ओला कोबा दोन तासांत वरून सुकतो आणि घोटण्याआधीच तडे पडतात. संध्याकाळी सुरुवात करून रात्री घोटाई केली तर बरं. सांधे दर आठ ते दहा फुटांवर, एक इंच खोल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कापा. "आठवड्यानं कटर आणतो" म्हणणाऱ्याला सांगा की आठवड्यात कोबा स्वतःच स्वतःचे सांधे कापून घेतो, वाटेल तिथे. खांबांभोवतीही चौकोनी सांधा हवा.

दुसऱ्या दिवसापासून वाळूचे बांध घालून वाफे करा आणि पाणी साठवा. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा दिवस सलग. पायी वावर दोन दिवसांनी चालतो. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, तेव्हा हलकी मशीन दोन आठवड्यांनी, जड मशीन आणि फोर्कलिफ्ट २८ दिवसांनी. गाळा पूर्ण बंद ठेवणं शक्य नसेल तर काम दोन भागांत करा, मध्ये ताडपत्री बांधा आणि दोन्ही भागांच्या सांध्याची रेघ मशीनखालून जाणार नाही अशी आखा.

स्वतःची वायर किंवा कॉम्प्रेसरची हवेची लाइन नव्या कोब्यात पुरू नका. पुरलेलं सगळं मालकाचं होतं आणि गळती शोधायला नवी फरशीच फोडावी लागते. भिंतीवरून ट्रे न्या.

ठेकेदाराला शेवटचे दहा टक्के २८ दिवसांनंतर देण्याचं आधीच लिहून ठेवा. त्या दिवशी पुन्हा हातोडी, दहा फुटी पाइप आणि खिळा घेऊन फिरा. बद्द आवाज किंवा खिळ्याने पडणारा चर जिथे सापडेल तिथे खडूने वर्तुळ करा, फोटो काढा, आणि तेवढी जागा दुरुस्त झाल्यावरच चेक द्या.